यकृतातील दुबार पेरणी

वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात, भिंतीलगतच्या फडताळांवर काचेच्या बरण्यांतून औषधी द्रवात बुडवून ठेवलेले मानवी अवयव ज्याने एकदा तरी निवांतपणे पाहिले असतील, त्याला सिरोसिसने ग्रासलेले यकृत ओळखण्यासाठी बरणीवरील चिठ्ठी वाचावी लागत नाही. निरोगी यकृत कसे असते हे मांसाहारी घरांतून कोणास सांगावयास नको. खाटकाच्या फळीवरची कलेजी गर्द तांबूस, तुकतुकीत, मऊ आणि सुरी लागताच दुभंगणारी असते, आणि माणसाचे यकृतही दिसण्यात तिच्याहून फारसे निराळे नाही. बरणीतील यकृत मात्र आक्रसलेले, मातकट पिवळसर आणि सीताफळाच्या सालीसारखे गाठीगाठींचे असते. ते कापताना सुरी अडते. या दोहोंमधील अंतर पडावयास सामान्यतः दहा, वीस, कधी तीस वर्षे लागतात, आणि ते उलट दिशेने चालून जाता येईल काय, हा वैद्यकशास्त्रातील गेल्या पंचवीस वर्षांतला मोठा वादाचा प्रश्न आहे. मूलपेशी, म्हणजे आता घरोघर ज्यांना ‘स्टेम सेल’ म्हणून ओळखतात त्या, अशा यकृतात सोडल्या असता तेथे नवे यकृत उगवेल, ही कल्पना इतकी साधी, इतकी मनोहर आणि शेतकऱ्यांच्या या देशात इतकी चटकन पटणारी आहे की तिची शहानिशा करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ते येथे घ्यावयाचे आहेत.

यकृताचा कारभार समजावून घेतल्यावाचून त्याच्या दुर्दशेचा उलगडा होत नाही. उजव्या बरगड्यांच्या आडोशास असलेला, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव म्हणजे घाटाच्या तोंडाशी बसविलेला जकातनाकाच होय. जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून निघालेले रक्त परभारे हृदयाकडे जाऊ शकत नाही. ते पोर्टल नीलेने प्रथम येथे रुजू होते, आणि अन्नातून काय आले, त्यांतले विषारी कोणते, साठवणीचे कोणते आणि तात्काळ पुढे रवाना करावयाचे कोणते याची झडती झाल्यावरच त्यास पुढचा परवाना मिळतो. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या नाक्यावरून जाते व त्यातील तीन चतुर्थांश या पोर्टल नीलेचे असते. नाक्याला लागूनच कोठार आणि कारखाना आहे: साखर साठविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये बनविणे, रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणारे अल्ब्युमिन पुरविणे, अमोनियाचे निरुपद्रवी युरियात रूपांतर करणे, ही सारी खाती एकाच छपराखाली चालतात. रक्ताची आणि यकृतपेशींची गाठ ज्या सूक्ष्म वाहिन्यांत पडते, त्यांच्या भिंतींना जाळीसारखी भोके असल्यामुळे मालाची ने-आण विनासायास होते.

त्या जाळीदार भिंतीपलीकडच्या अगदी चिंचोळ्या फटीत एका निराळ्या जातीची पेशी वस्तीस असते. जर्मन शास्त्रज्ञ कुफर यांनी १८७६ साली तिचे वर्णन केले आणि आकारावरून तिला तारकापेशी असे नाव दिले. निरोगी अवस्थेत ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळणे, एवढेच तिचे काम. एखाद्या अबोल कोठावळ्यासारखी ती पडून असते. परंतु मद्य, ‘ब’ किंवा ‘क’ काविळीचे विषाणू, स्थूलता व मधुमेह यांच्या पाठोपाठ यकृतात साचणारी चरबी, यांपैकी कोणत्याही कारणाने यकृतपेशी वारंवार मरू लागल्या म्हणजे हाच कोठावळा साठा टाकून देतो, रूप पालटतो आणि कोलॅजेनचे चिवट धागे विणू लागतो. जखम एकदाच झाली असेल तर ही डागडुजी उपकारक ठरते व काम संपल्यावर ते धागे विरघळूनही जातात. पण जखम रोजचीच झाली की डागडुजी हाच उपद्रव होतो. भिंतींची भोके बुजतात, धाग्यांचे बांध एकमेकांस भिडतात, आणि त्या बांधांमध्ये कोंडलेल्या यकृतपेशी वाढण्याची धडपड करीत करीत गाठींच्या रूपाने फुगून वर येतात. सीताफळाची साल ती हीच.

आता नाकाच बंद पडल्यावर मागे तुंबलेल्या रक्ताने करावे काय? ते आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या खालच्या भागातील बारीक नीला त्या ओघाने फुगतात, आणि एखाद्या रात्री त्यांपैकी एक फुटून रुग्णास भडाभडा रक्ताची उलटी होते. अल्ब्युमिन घटल्याने आणि नीलांतील दाब वाढल्याने पोटात पाणी साठते. यालाच आपले जुने वैद्य जलोदर म्हणत, आणि चरकसंहितेत आठ उदररोगांमध्ये त्याची गणना आहे. अमोनियासारखी विषे गाळली न गेल्यामुळे मनुष्य दिवसा झोपतो, रात्री जागतो, ओळखीच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारतो, आणि हात पुढे धरावयास सांगितल्यास त्याचे पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. पोट घागरीएवढे, हातपाय काटकुळे, डोळे पिवळे, आणि उशाशी ‘पाणी केव्हा काढायचे’ याची तारीख लिहिलेला कागद, हे दृश्य ज्या घराने पाहिले आहे त्या घरातील माणसे कोणत्याही नव्या उपचाराचे नाव ऐकताच उठून का बसतात, हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

या रोगाचे नामकरण मोठ्या आडवाटेने झाले. छातीचे आवाज ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप नावाची नळी शोधून काढणारे फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ साली त्या नळीवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील एका तळटीपेत त्यांनी या गाठाळ यकृताचे वर्णन केले आणि त्याच्या पिवळसर तांबूस छटेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘सिरोसिस’ म्हटले. म्हणजे नाव रंगाचे. वस्तुतः रोगाचे मर्म रंगात नसून काठिण्यात आहे, आणि आपल्याकडील ‘यकृत्काठिण्य’ हा शब्द त्या मानाने अधिक नेमका आहे. तळटीपेतील तो शब्द दोनशे वर्षे टिकला, यापलीकडे त्या नामकरणात फारसे काही नाही.

खरा चमत्कार दुसराच आहे. यकृत हा आपल्या शरीरातील असा अवयव आहे की तो कापला तरी पुन्हा वाढतो. अमेरिकेतील मेयो संस्थेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उरलेला एकतृतीयांश भाग अवघ्या आठदहा दिवसांत वाढून मूळच्या वजनाच्या जवळपास येतो. मुलीला यकृताचा उजवा खंड, म्हणजे जवळजवळ साठ टक्के भाग, देणाऱ्या बापाचे उरलेले यकृतही काही महिन्यांत बरेचसे भरून निघते. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या वाढीसाठी निसर्गाला बहुधा कोणतीही मूलपेशी बोलवावी लागत नाही. प्रौढ, कामकरी यकृतपेशी स्वतःच दुभंगतात आणि जागा भरून काढतात. मग जो अवयव इतका उत्साही, तो सिरोसिसमध्ये हतबल का होतो? बियाणे संपले म्हणून, की जमीन बिघडली म्हणून? पुढील सारी हकीकत या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि मूलपेशींच्या उपचाराचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याचे उत्तर न शोधताच तिफण हाती घेतली, असे म्हणणे भाग आहे.

शेवटच्या टप्प्यातील रोगावर खात्रीचा म्हणावा असा उपाय एकच, तो यकृतारोपणाचा. डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण दगावला, त्यापुढचेही दगावले, आणि यश म्हणावे असे काही हाती यावयास १९६७ साल उजाडले. भारतात मानवी अवयवरोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि यशस्वी यकृतारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. आज मुंबई-पुण्यातही ते नियमितपणे होते. तथापि मृत दात्यांची संख्या तुटपुंजी, घरातील दाता जुळेलच असा भरवसा नाही, खर्च मध्यमवर्गीयाचे घरदार गहाण पडावे असा, आणि त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. यास्तव यकृत बदलण्याऐवजी पेशींनीच काम भागले तर, हा विचार कोणत्याही सहृदय डॉक्टरच्या मनात येणे स्वाभाविक होते.

त्या विचारास बळ मिळाले ते १९९९ आणि २००० या दोन वर्षांत. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज, ही रक्ताची जन्मभूमी होय. तेथील मूलपेशींपासून तांबड्या-पांढऱ्या सर्व रक्तपेशी होतात, एवढे कॅनडातील टिल आणि मॅकलक यांच्या १९६१ सालच्या प्रयोगांपासून ठाऊक होते. परंतु १९९९ साली असे प्रसिद्ध झाले की उंदरांत मज्जेतील पेशी यकृतात जाऊन तेथील पेशींचे रूप घेतात. पाठोपाठ ज्या स्त्रियांना पुरुषांची मज्जा रोपण केली होती त्यांची यकृते तपासण्यात आली, आणि तेथील काही यकृतपेशींत वाय हे पुरुषी गुणसूत्र आढळले. बाईच्या यकृतात पुरुषाची पेशी! याहून सबळ पुरावा कोणता? एका आनुवंशिक दोषाने यकृत निकामी झालेल्या उंदरांना तर मज्जेतील निवडक मूलपेशी देऊन जगविण्यात आले. रक्ताच्या बीजातून यकृताचे झाड उगवते अशी ग्वाही जणू मिळाली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत एकच लगबग उडाली.

ती ग्वाही तीन वर्षेच टिकली. २००३ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी त्याच प्रकारच्या उंदरांतील पेशींच्या गुणसूत्रांची बारकाईने मोजदाद केली तेव्हा असे निघाले की मज्जेतून आलेली पेशी स्वतः यकृतपेशी होतच नव्हती. ती तेथे आधीपासून असलेल्या यकृतपेशीस जाऊन मिळत होती, दोन पेशींची मिळून एक होत होती, आणि त्या संयुक्त पेशीत दोघांचीही गुणसूत्रे सापडत होती. दप्तरी नोंद नव्या माणसाची, पण घर जुन्याचेच, असा तो प्रकार. हा शोध विज्ञानाच्या इतिहासातील सचोटीचा एक सुरेख नमुना आहे. दुर्दैव एवढेच की उत्साहाची बातमी जितकी दूर गेली तितकी ही दुरुस्ती गेली नाही, आणि आजही जाहिरातींच्या पत्रकांतून २००० सालचेच चित्र छापलेले आढळते.

तोवर रुग्णांवरील प्रयोग सुरूही झाले होते. त्यांपैकी जपानमधील यामागुची विद्यापीठातील तेराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग पुष्कळ गाजला. रुग्णास भूल देऊन त्याच्या कटिरास्थीतून, म्हणजे कमरेच्या हाडातून, जाड सुईने सुमारे ४०० मिलिलिटर मज्जा ओढून काढावयाची. ती धुऊन, गाळून तिच्यातील पेशी वेगळ्या करावयाच्या. आणि त्याच दिवशी हाताच्या शिरेतून सलाइनप्रमाणे त्या परत सोडावयाच्या. रक्तातील प्लेटलेट्स आधीच कमी झालेल्या आणि रक्त लवकर न गोठणाऱ्या रुग्णाच्या हाडात अशी सुई घालणे हे वाचताना वाटते तितके किरकोळ काम नव्हे. २००६ साली या गटाने नऊ रुग्णांचा अहवाल दिला, आणि त्यांचे अल्ब्युमिन वाढले, पोटातील पाणी ओसरले असे नमूद केले. नऊच रुग्ण, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. तरी आशा पालवावयास तेवढे पुरे झाले.

येथे एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी मनात पक्की धरावी अशी आहे. सिरोसिसचा रोगी प्रयोगात दाखल झाला की त्याची देखभाल आपोआप सुधारते: तो वेळच्या वेळी औषध घेतो, मिठाचे पथ्य सांभाळतो, आणि मुख्य म्हणजे दारू सोडतो. केवळ दारू सुटल्याने सहा महिन्यांत यकृताचे आकडे विलक्षण सुधारलेले डॉक्टर नित्य पाहतात. त्यामुळे ‘पेशी दिल्या आणि बरे वाटले’ या कैफियतीवरून श्रेय पेशींचे की पथ्याचे हे ठरविणे अशक्य असते. त्याचा फैसला एकाच रीतीने होतो: सारख्याच अवस्थेतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावयाचे, एकास पेशी द्यावयाच्या, दुसऱ्यास नाही, आणि मुदत संपल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहावयाच्या.

अशा वह्या जेव्हा उघडल्या गेल्या तेव्हा चित्र पालटले. जिनीव्हा येथे मद्यजन्य यकृतरोगाच्या ५८ रुग्णांवर मज्जापेशी यकृताच्या धमनीतून सोडून २०१३ साली जो अहवाल आला, त्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याच वर्षी इराणमधील २७ रुग्णांच्या प्रयोगातही शिरेतून दिलेल्या पेशींनी नकली औषधापेक्षा काही अधिक साधले नाही. त्याच देशात त्यापूर्वी चार रुग्णांवर केलेला एक प्रयोग तर अर्ध्यावर थांबवावा लागला होता. धमनीतून पेशी सोडल्यावर एका रुग्णाची मूत्रपिंडे बंद पडून तो दगावला होता. ‘पेशी तुमच्याच, मग अपाय कसला?’ असे जेथे जेथे सांगितले जाते, तेथे तेथे ही हकीकत सांगितली गेली पाहिजे.

सर्वांत काटेकोर प्रयोग ब्रिटनमधील. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि एडिंबरा येथील ८१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले: एकास नेहमीचे उपचार; दुसऱ्यास मज्जेतील पेशी रक्तात उतरविणारे जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन; तिसऱ्यास ते इंजेक्शन देऊन रक्तातून निवडक मूलपेशी गोळा करून तीन वेळा परत दिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की यकृताच्या कामगिरीत तिन्ही गटांत फरक नाही. उलट तिसऱ्या गटात गंभीर उपद्रव अधिक. त्यात दिलेली मात्रा शरीराच्या दर किलोमागे दोन लाख पेशींची होती. साठ किलोच्या माणसास ती एका वेळी एक कोटी वीस लाख होते, आणि हा आकडा ऐकताना मोठा वाटतो. परंतु माणसाच्या यकृतात यकृतपेशीच दहा हजार कोटींहून अधिक असतात. पेरणी म्हणून पाहिले तर हे बियाणे एका वाफ्यालाही पुरावयाचे नाही.

भारताचाही या इतिहासात मानाचा वाटा आहे. दिल्लीत जुनाट यकृतरोगावर अकस्मात बिघाड ओढवलेल्या ४७ रुग्णांपैकी निम्म्यांस तेच जी-सीएसएफ देण्यात आले, पेशी काढणे नाही, परत सोडणे नाही. आणि २०१२ सालच्या अहवालानुसार इंजेक्शन घेतलेल्या २३ पैकी १६, तर न घेतलेल्या २४ पैकी केवळ ७ रुग्ण वाचले. इतका ठळक फरक वैद्यकात विरळा. पण जर्मनीत १७६ रुग्णांवर हाच उपचार पडताळून पाहिला तेव्हा २०२१ साली असे जाहीर झाले की लाभ काहीच नाही, सबब प्रयोग मुदतीपूर्वी थांबविला. दोन्हीकडचे डॉक्टर प्रामाणिक, दोन्हीकडची पद्धत शास्त्रीय. रुग्ण निराळे, रोगाची कारणे निराळी, भोवतालचे उपचार निराळे. थोड्या रुग्णांवरील मोठे यश पाहिले की हर्षापेक्षा सावधगिरी अधिक बाळगावी, हे या जोडीवरून मला पटले.

याचा अर्थ सारे मुसळ केरात गेले असा मात्र नव्हे. मज्जेत, नाळेत आणि चरबीत आढळणाऱ्या आणखी एका जातीच्या पेशी आहेत; मेसेंकायमल मूलपेशी हे त्यांचे रूढ नाव. दक्षिण कोरियात मद्यजन्य सिरोसिसच्या ७२ रुग्णांवर यांचा प्रयोग झाला, आणि सहा महिन्यांनी यकृताचा तुकडा काढून पाहिला असता एकदा पेशी दिलेल्यांत कोलॅजेनचे प्रमाण पूर्वीपेक्षा २५ टक्क्यांनी व दोनदा दिलेल्यांत ३७ टक्क्यांनी घटलेले आढळले. चीनमध्ये ‘ब’ काविळीमुळे सिरोसिस होऊन पोटात पाणी होण्यापर्यंत मजल गेलेल्या २१९ रुग्णांपैकी १०८ जणांस नाळेतून मिळविलेल्या अशा पेशी तीनदा देण्यात आल्या. सहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर, तेराव्या महिन्यापासून पुढे पेशी घेतलेल्यांत जगणाऱ्यांचे प्रमाण अधिक राहिले. हे निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

मौज अशी की या पेशी यकृतपेशी होतात म्हणून हा लाभ झाला, असे आता कोणी जाणता म्हणत नाही. शिरेतून सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक प्रथम फुप्फुसातच अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्या जाता जाता काही रासायनिक संदेश सोडतात. दाह शमवा, मरणाऱ्या पेशींस आधार द्या, तारकापेशींस विणकाम थांबविण्यास सांगा, अशा आशयाचे ते हुकूम असावेत. ज्या आर्नल्ड कॅपलन यांनी १९९१ साली या पेशींना ‘मूलपेशी’ हे नाव दिले, त्यांनीच २०१७ साली लेख लिहून हे नाव बदला, यांना औषधी संदेशवाहक पेशी म्हणा, अशी विनवणी केली. आपणच ठेवलेले नाव स्वतः मागे घेणारा विद्वान विरळाच. म्हणजे या पेशी बी नव्हेत. फार तर खत होत, आणि जमीन वाफशावर आणण्याचे थोडेबहुत काम त्या करीत असाव्यात.

हेच सूत्र धरून एडिंबराच्या संशोधकांनी मूलपेशींचा नाद सोडून भक्षकपेशी हाती घेतल्या. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपासून प्रयोगशाळेत आठवडाभरात या भक्षकपेशी तयार करता येतात, आणि त्यांचा एक स्वभावच असा की त्या कोलॅजेनचे धागे कुरतडणारी द्रव्ये स्रवतात. २०१९ साली नऊ रुग्णांवर त्या निर्धोक असल्याचे दिसले. पुढे ५१ रुग्णांच्या प्रयोगात तीन महिन्यांनंतरच्या मुख्य गुणांकात मात्र ठोस फरक दिसला नाही. दुसरीकडे जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या त्वचेतील सामान्य पेशींस मूलावस्थेस नेण्याची युक्ती काढली, आणि ताकेबे यांच्या गटाने २०१३ साली अशा पेशींपासून यकृताचा इवलासा अंकुर बनवून तो उंदरात जगवून दाखविला. ही विद्या खऱ्या अर्थाने बियाण्याची आहे. परंतु अंकुरापासून दीड किलोच्या, रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांनी युक्त अशा अवयवापर्यंतची वाट लांबची आहे, आणि ती तुडविली जाईपर्यंत आजच्या रुग्णाने काय करावे हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न बाजाराने फार पूर्वीच सोडविला आहे. ‘शस्त्रक्रिया नाही, दाता नको, रुग्णालयात दोन दिवस’ असा मजकूर, मध्ये हसऱ्या कुटुंबाचे छायाचित्र, आणि खाली लाखांतला आकडा, अशी पत्रके आपल्याकडे कित्येकांच्या हाती पडली असतील. या बाबतीत भारत सरकारचा शिरस्ता स्पष्ट आहे, फक्त तो फारसा कोणी वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक रोगांवरील अस्थिमज्जारोपणासारखे मान्यताप्राप्त उपयोग वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर झालेल्या प्रयोगातच करण्याची मुभा आहे, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून कोणी सिरोसिसवर मूलपेशींचा उपचार सुचविला तर नातेवाइकांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: भारतीय प्रयोगनोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयमधील, नोंदणीक्रमांक कोणता, आणि बिल कशाचे? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल आणि दुसऱ्याला असेल, तर चपला घालून घरी यावे.

दरम्यान जमीन सुधारण्याची जी साधी कामे आहेत त्यांचे यश, पत्रकात छापण्याजोगे नसले तरी, डोळे दिपविणारे आहे. पूर्वी सिरोसिस म्हणजे परतीची वाट नाही असे शिकविले जाई. ‘ब’ काविळीचा विषाणू दाबणारे टेनोफोव्हिर हे औषध रोजची एक गोळी याप्रमाणे पाच वर्षे घेतलेल्या रुग्णांची यकृते पुन्हा तपासली तेव्हा, आरंभी सिरोसिस असलेल्या ९६ पैकी ७१ जणांत तो उरला नव्हता, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. कोणतीही पेशी सोडलेली नव्हती. रोजची जखम थांबताच तारकापेशी शांत झाल्या, धागे विरघळले, आणि कोंडलेल्या यकृतपेशींनी उरलेले काम स्वतः केले. ‘क’ काविळीचा विषाणू तर आता बहुतेक रुग्णांत तीन महिन्यांच्या गोळ्यांनी समूळ नाहीसा होतो. जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात, हे मात्र अनेक सुशिक्षितांसही ठाऊक नसते.

आणि याहूनही जुने एक उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भारतातील बालरोगतज्ज्ञांस एका रोगाने हैराण केले होते. वर्ष-दोन वर्षांचे मूल, किरकिरे झालेले, पोट फुगलेले. हात लावावा तो यकृत दगडासारखे लागे, आणि काही महिन्यांत मूल जाई. कधी त्याच घरातील दुसरेही जाई, त्यामुळे हा घराण्याचाच दोष असावा असा समज होता. भारतीय बालसिरोसिस असेच त्याला नाव पडले होते. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते एवढे कळले होते. ते येते कोठून हे कळत नव्हते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी हा माग काढला, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. गाईम्हशीचे दूध पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले, आणि कल्हई गेलेली असली, म्हणजे दुधातील प्रथिने त्या धातूतील तांबे शोषून घेतात. तेच दूध अंगावरच्या दुधाऐवजी तान्ह्या मुलाच्या पोटात जाते, आणि ते तांबे बाहेर टाकण्याइतके त्याचे यकृत अजून तयार झालेले नसते. घराघरांत स्टीलची पातेली आली, डॉक्टरांनी आयांना समजावले, आणि काही वर्षांत हा रोग रुग्णालयांतून जवळजवळ दिसेनासा झाला. आजच्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातच भेटतो. इतक्या मुलांची यकृते वाचविणाऱ्या त्या संशोधनाची सुरुवात, बाळाला वरचे दूध केव्हापासून सुरू केले आणि ते कोणत्या भांड्यात तापवता, असे आयांना विचारण्यापासून झाली होती.